मुरडशेंगेचे पथ्य

मुरडशेंग ही मोठी संकोची शेंग आहे. बाकीच्या शेंगा सरळ वाढतात, वाळतात, तडकतात आणि बिया उधळून मोकळ्या होतात. ही मात्र जन्मभर स्वतःभोवतीच पीळ घालत राहते. थंडी सरताना हरसूलच्या पुढच्या डोंगरात तिच्या झुडपांवर असे अगणित पीळ लटकलेले दिसत, आणि ते पाहताना महेशला दर वेळी नातेवाइकांकडे आल्यासारखे वाटे. तोही त्याच जातीचा होता. मनात उमटलेले वाक्य ओठांपर्यंत येईतो त्याला इतके पीळ बसत, की ऐकणाऱ्याच्या पदरात शेवटी फक्त 'हो', 'नाही' किंवा 'बघतो' एवढेच पडे.

सिन्नरच्या या मुलाने पीएच.डी.साठी नेमकी तीच शेंग निवडावी, यात म्हणून नवल नव्हते. बाळाच्या पोटात मुरडा आला की मुरडशेंग सहाणेवर उगाळायची आणि तिचे दोन वेढे घुटीत घालायचे, हे त्याच्या आईला ठाऊक होते, तिच्या आईलाही ठाऊक होते. परंतु आईला ठाऊक असणे वेगळे आणि विज्ञानाला ठाऊक असणे वेगळे. विज्ञानाची अट अशी होती, की पोटाची तक्रार असलेल्या निम्म्या लोकांना शेंगेची गोळी द्यायची आणि निम्म्यांना दिसायला तशीच, चवीलाही तशीच कडू, पण नुसत्या पिठाची. कोणाच्या पोटात काय गेले, हे घेणाऱ्याला कळू द्यायचे नाही आणि देणाऱ्यालाही नाही. शेंगवाले पिठवाल्यांपेक्षा अधिक बरे झाले, तर शेंग खरी आणि महेश डॉक्टर. दोघांत फरक दिसला नाही, तर शेंग आईपुरती राहणार आणि महेश सिन्नरला चुलत्यांच्या पाइपांच्या दुकानात बसणार. त्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलावे लागे. महेशला गरिबीची भीती नव्हती, अपयशाचीही फारशी नव्हती. गल्ल्यावर बसून 'या, बसा, काय दाखवू' असे आयुष्यभर म्हणत राहण्याची मात्र त्याला खरोखर धास्ती होती.

त्याच्या मार्गदर्शक डॉ. सरिता गायधनी यांनी पंचवटीतल्या एका जुन्या रुग्णालयाची मागची खोली या कामासाठी मिळवून दिली. खोलीबाहेर लांबलचक व्हरांडा आणि त्यात दोन बाके होती. गोळ्या घ्यायला तयार झालेली मंडळी त्या बाकांवर बसत आणि एकेक करून आत येत. रुग्णांना तपासण्याचे काम सरिताबाईंचे, गोळ्या देण्याचे आणि प्रश्न विचारण्याचे महेशचे. काही जणांना पीठ मिळणार आहे, हे त्याने पहिल्याच दिवशी सर्वांना समजावून सांगितले. सर्वांनी ते समजुतीने ऐकले आणि प्रत्येकाने मनोमन शेजारच्याकडे पाहून हळहळ व्यक्त केली.

मग महेशने मान खाली घालून सूचना वाचल्या. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एकेक गोळी. आहार नेहमीसारखाच ठेवावा.

"आणि पथ्य?" पहिल्याच रुग्णाने विचारले. हे सावळीराम, वणीकडचे, बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन आता पंचवटीत मुलाकडे राहणारे.

"पथ्य काही नाही," महेश म्हणाला.

सावळीराम थोडा वेळ वाट पाहत बसले. पुढे काहीच येत नाही असे पाहून त्यांनी बाटली उचलली, ती उजेडात धरून हलवून पाहिली आणि, ज्या गाडीचा ब्रेक आपण तपासलेला नाही ती गाडी चालवायला मिळावी, तशा चेहऱ्याने ते बाहेर गेले.

व्हरांड्यात मालनबाई बसल्या होत्या. त्यांनी अनेक वर्षे रविवार कारंजाजवळ खानावळ चालवली होती. शहरात शिकायला आलेल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या रश्श्यावर वाढल्या, आणि त्यांतल्या काही पुढे सरिताबाईंच्या दवाखान्यात पोटाच्या तक्रारी घेऊन आल्या. खानावळ बंद केल्यापासून मालनबाईंना स्वतःचेच पोट त्रास देऊ लागले होते आणि वाढायला ताटे उरली नव्हती. माणसांची काळजी घेण्याची सवय मात्र सुटली नव्हती. व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या थांबवून त्याचे पोट, सून आणि झोप यांची चौकशी करीत. महेशला त्या पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाल्या. आपण अजून डॉक्टर नाही, व्हायचे आहे, असे त्याने चाचरत सांगितले.

"म्हणजे आमच्या पोटावर होणार?" मालनबाईंनी विचारले.

महेशने प्रामाणिकपणे मान हलवली. तेव्हापासून मालनबाईंनी त्याला मनाने दत्तक घेतले, हे त्याला फार उशिरा कळले.

पुढचे आठवडे महेशच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. दर भेटीत तो कागदावरचे प्रश्न कागदाकडेच पाहून विचारी. मुरडा येतो का? पूर्वीपेक्षा कमी. पोट फुगते का? नाही हो. आहारात काही बदल केला का? मुळीच नाही. एकामागून एक माणूस येई आणि बरा झाल्याचे सांगून जाई. संध्याकाळी महेश गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन पायरीवर बसे. पाण्यात दिव्यांचे थरथरते पिवळे पट्टे पडत, आणि आपल्यासारखेच मुके असलेले काहीतरी शेवटी जगापुढे बोलू लागले आहे, असे वाटून तो काळोख पडेपर्यंत तिथेच बसून राही.

गोळ्यांची फेरी संपली. सरिताबाईंनी सगळे आकडे पाहिले, चष्मा काढला आणि पुसला.

"महेश, सगळेच बरे झालेत."

महेश हसला. त्या हसल्या नाहीत.

"सगळेच. म्हणजे पीठ खाणारेसुद्धा. कोणाला काय दिलं, ते उघडून बघायचीही गरज नाही. अभिनंदन, तुम्ही नाशिकमध्ये पिठानं मुरडा बरा केलात."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. खोट्या गोळीने थोड्यांना बरे वाटते, हे शास्त्रातही मान्य होते. पण एकूण एक माणूस बरा होणे हे शास्त्राच्या नव्हे, चमत्काराच्या हद्दीत मोडत होते. गोळ्यांची अदलाबदल झाली असेल, पिठातच काही गुण असेल, नाशिकच्या पाण्याचा परिणाम असेल, असे सगळे विचार त्याने करून पाहिले. आपल्याला कोणीतरी काही सांगितलेले नाही, हा एकच विचार त्याला सुचला नाही. कारण त्याने विचारले होते आणि लोकांनी उत्तर दिले होते.

रविवारी सकाळी तो रस्त्याने चालला असता एका मिसळीच्या हॉटेलात त्याला सावळीराम दिसले. हॉटेल माणसांनी भरून वाहत होते. तर्रीचा वास फुटपाथपर्यंत आला होता. त्या गर्दीत सावळीराम कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटे बसले होते आणि त्यांच्यापुढे वाटीभर दही होते. दह्यात बोटभर पाव बुडवून ते खात होते. नजर मात्र शेजारच्या टेबलावरच्या लालभडक वाटीवर खिळली होती. दुसऱ्याच्या नावाची हळद लागलेल्या जुन्या प्रेयसीकडे माणसाने पाहावे, तसे ते पाहत होते.

ओळखीचा माणूस दिसला की महेश रस्ता ओलांडी. तो ओलांडणार इतक्यात सावळीरामांनी हाक मारली. नाइलाजाने तो समोर जाऊन बसला आणि काहीतरी बोलायचे म्हणून मिसळ का घेत नाही, असे त्याने विचारले.

"पथ्य हाय ना," सावळीराम म्हणाले. "दर रविवारी येतो. वास घेतो आन् जातो. वासाला मनाई नाय, तेवढं मी इचारून घेतलं."

"कोणाला विचारलं?"

"मालनबाईंला. पथ्याचं सगळं त्याच बघतात तुमच्या दवाखान्यात. मिसळ बंद, शेव बंद, वांगं बंद, रातचं शिळं बंद. लय कडक हाय, पण गुण आला."

महेशने आवाज शक्य तितका शांत ठेवून आठवण करून दिली, की आहारात बदल केला का, असे आपण प्रत्येक वेळी विचारले होते आणि सावळीराम प्रत्येक वेळी नाही म्हणाले होते.

सावळीराम बुचकळ्यात पडले. मग त्यांनी, जणू समोरच्याला मराठी नव्याने शिकवावे लागत आहे, अशा सौजन्याने समजावले.

"आहारात कुठं काय केलं? आहार म्हणजे ते अंगणवाडीत पोरांना देतात ते. आम्हाला कोण देतंय? मी पथ्य केलं. औषध घेतो म्हटल्यावर माणूस पथ्य करणारच की. ते काय बदल म्हणून सांगायचं असतं का?"

महेशने त्यांच्या दह्याकडे पाहिले. आपल्या चार वर्षांच्या अभ्यासाची आणि आपल्या डॉक्टरकीची समाधी इतकी पांढरी आणि घट्ट असेल, असे त्याला कधी वाटले नव्हते.

मालनबाईंना त्याने सोमवारी गाठले. काय बोलायचे ते त्याने पाठ केले होते. त्यातले अर्धे व्हरांड्यात सांडले. उरलेल्या अर्ध्यातून मालनबाईंना एवढे कळले, की पथ्याचा काहीतरी घोटाळा आहे. त्या मुळीच रागावल्या नाहीत. उलट त्यांनी त्याला बाकावर बसवले, इकडेतिकडे पाहिले आणि हळू आवाजात त्याची समजूत घातली. औषध देऊन पथ्य सांगितले नाही, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले होते. पोरगा लाजरा आहे, घाईत विसरला असेल. चार माणसांत चूक दाखवली तर त्याची शोभा होईल, म्हणून त्यांनी परस्पर सांभाळून घेतले होते. हे त्यांनी कोणालाही कळू दिले नव्हते आणि पुढेही देणार नव्हत्या.

महेश 'बघतो' म्हणाला आणि आत गेला.

फेरी पुन्हा घ्यायची ठरली. त्यासाठी रुग्णालयाच्या नीतिसमितीची परवानगी लागली, मधे काही आठवडे गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या. या काळात मंडळी पूर्ववत खाऊ लागली आणि त्यांची पोटे पूर्ववत दुखू लागली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होती. ज्याच्या वाट्याला पूर्वी जी गोळी आली होती, तीच पुन्हा यायची होती. ही शेवटची संधी आहे, तिसरी फेरी मिळणार नाही, एवढे सरिताबाईंनी स्पष्ट केले.

दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दिवशी महेशने सर्वांना एकत्र उभे करून, कधी नव्हे ते मान वर करून, पथ्य नाही असे तीनतीनदा सांगितले. मंडळींनी प्रेमाने माना हलवल्या. मग ती व्हरांड्यात गेली आणि मालनबाईंभोवती गोळा झाली. खिडकीतून महेशला मालनबाईंचे एकेक मिटणारे बोट दिसत होते: मिसळ, शेव, वांगे.

त्या क्षणी त्याच्या मनात एक विचार आला, आणि आश्चर्य म्हणजे त्याला एकही पीळ बसला नाही. औषधाला पथ्य हवेच, हे या लोकांच्या हाडात होते. ते काढायला गेलो तर हाडे मोडतील. मग पथ्य द्यावे, हे बरे.

तो बाहेर गेला. पहिल्या वेळी आपण खरोखरच पथ्य सांगायचे विसरलो होतो, असे त्याने कबूल केले. मालनबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"सांग आता," त्या म्हणाल्या.

"या औषधाचं पथ्य असं आहे, की नेहमीचं खाणं मोडायचं नाही. ज्याला जे खायची सवय आहे, त्याने ते खाल्लंच पाहिजे. एक जरी गोष्ट सोडली, तर औषधाचा गुण कळणार नाही."

सावळीराम गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"मिसळपण?" त्यांनी विचारले.

"तुम्ही दर रविवारी खात होतात ना? मग दर रविवारी खायची."

"कडक आहे," मालनबाई विचार करून म्हणाल्या. "पण पाळू."

त्यांनी ते खरोखर पाळले, आणि पाळवून घेतले. रविवारी सकाळी त्या घरोघर फोन करून मिसळ झाली का विचारीत. सावळीरामांना एका लग्नासाठी पहाटे वणीला निघायचे होते. पथ्य मोडू नये म्हणून त्यांनी हॉटेलवाल्याला शटर उघडायला लावून पहिल्या उकळीची तर्री ओरपली. एका बाईंना मधुमेह असल्याने त्यांची सून घरात साखर आणू देत नसे, आणि आता चोरून खाल्लेल्या पेढ्याचे काय, असे त्या विचारायला आल्या. चोरून खायची सवय असेल तर चोरूनच खावा, असा निर्णय मालनबाईंनी दिला. सरिताबाईंनी मात्र तो ऐकताच पेढे तेवढे बंद करवले आणि तसे लिहूनही ठेवले. समितीला जे वाक्य 'आहार पूर्ववत ठेवावा' असे माहीत होते, त्याचा हा अनुवाद ऐकून त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

शेवटच्या तपासणीचा दिवस आला. महेशला रात्रभर पाइपांची स्वप्ने पडली होती. पहिले सावळीराम आत आले आणि अगदी बरे आहे, म्हणाले. दुसऱ्या बाई आल्या, त्याही अगदी बऱ्या होत्या. तिसरे गृहस्थ कमरेत किंचित वाकून आले, टेबलाचा आधार घेऊन बसले आणि आपल्याला इतके बरे आयुष्यात कधी वाटले नव्हते, असे त्यांनी दात आवळून सांगितले.

महेशने पेन खाली ठेवले. दाराच्या फटीतून त्याला मालनबाईंचा आवाज ऐकू आला. पोराची आज परीक्षा आहे, दुखत असले तरी आत गेल्यावर बरे म्हणायचे, बाहेर आल्यावर हवे तेवढे कण्हा, असे त्या पुढच्या माणसाला बजावत होत्या.

तो उठला आणि व्हरांड्यात आला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. इतके डोळे एका वेळी आपल्यावर असताना तो आजवर कधी बोलला नव्हता. शाळेत स्वागतगीतातही त्याला मागच्या रांगेत उभे करून नुसते ओठ हलवायला सांगत.

"तुम्ही सगळे बरे झालात," तो म्हणाला, "तर मी नापास."

कोणालाच काही समजले नाही. मग सर्वांत आधी सावळीरामांनी पोट धरले.

"माझं लय दुखतंय मंग," ते म्हणाले. "सांगायचं राहून गेलं."

पाहता पाहता व्हरांडा कण्हू लागला. ज्यांचे दुखत होते ते कण्हत होते, आणि ज्यांचे दुखत नव्हते ते त्याहून मोठ्याने कण्हत होते. एक परिचारिका धावत आली आणि स्ट्रेचर आणू का, म्हणून विचारू लागली. महेशने हात वर केला, आणि तो वर आहे हे लक्षात आल्यावर तसाच ठेवला.

"असं नको," तो म्हणाला. "ज्याचं दुखतंय त्याचंच दुखू द्या. मला पास करू नका आणि नापासही करू नका. शेंग खोटी निघाली, तर ती खोटी आहे, एवढं तरी मला खरं कळू द्या. चार वर्षं मी तिच्याशिवाय कोणाशी बोललेलो नाही. तिच्याबद्दल मला कोणी खोटं सांगू नका."

आवाज शेवटी फाटला. ज्यांचे दुखत नव्हते त्यांनी पोटावरचे हात काढले. मालनबाईंनी पदर सावरला आणि त्या सरळ आत गेल्या. महेश त्यांच्या मागोमाग जाऊन टेबलाशी बसला. या वेळी तो कागदाकडे न पाहता त्यांच्याकडे पाहत होता, आणि त्यांचा तळवा बेंबीपाशी घट्ट दाबलेला होता.

"दुखतंय रे," त्या म्हणाल्या. "मुरडा येतो, जीव नकोसा होतो. मागच्या फेरीतपण येत होता. दही खाऊनसुद्धा. तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

महेशच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. एवढ्या महिन्यांत त्याच्या हाती आलेले हे पहिले निखळ, भरवशाचे दुखणे होते.

"माणूस इथं कळवळतोय आणि तू हसतोस," मालनबाई म्हणाल्या.

त्याने माफी मागितली आणि हसतच लिहून घेतले. नंतर त्याने सावळीरामांसह आधीच्या तिघांनाही पुन्हा आत बोलावले. वाकलेले गृहस्थ या खेपेला वाकूनच बसले.

गोळ्यांचे गुपित उघडले तेव्हा निकाल छोटाच निघाला. पोटातला वारा शेंगेने जेवढा हटला, तेवढाच पिठानेही हटला. परंतु मुरडा, आतड्याला पीळ घालणारा तो नेमका मुरडा, शेंगवाल्यांत स्पष्ट कमी झाला होता. सरिताबाईंनी आकडे दोनदा तपासले. निष्कर्ष मूठभर आहे, पण प्रबंधाला पुरेल, असे त्या म्हणाल्या, आणि पहिल्या फेरीचे काय झाले तेही प्रबंधात एका प्रकरणात लिहायला त्यांनी सांगितले. चुलत्यांना महेशने स्वतः फोन केला आणि दुकानासाठी दुसरे कोणीतरी पाहावे, असे एका दमात सांगून टाकले. ते एवढे अनपेक्षित होते, की चुलत्यांनी कोण बोलतेय म्हणून दोनदा विचारले.

आता ज्याला-त्याला त्याची गोळी कोणती होती, हे सांगायचे राहिले. आपल्याला पीठ होते, हे कळल्यावर सावळीरामांची छाती फुगली. म्हणजे एवढ्या मिसळी आपण निव्वळ स्वतःच्या ताकदीवर पचवल्या, असे ते दिवसभर सांगत फिरले. मालनबाईंकडे महेश शेवटी गेला. त्यांना दोन्ही वेळा खरी शेंग मिळाली होती आणि तिचा त्यांना दोन्ही वेळा काडीचा उपयोग झाला नव्हता. हे कसे सांगावे, या विवंचनेत तो बाकाच्या कडेवर टेकला आणि अडखळत का होईना, सगळे सांगून मोकळा झाला.

मालनबाईंनी ते शांतपणे ऐकले. मग त्यांनी स्वतःच्या पोटावरून, एखाद्या हट्टी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, कौतुकाने हात फिरवला.

"शेंगेला नाव ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "खानावळीचं पोट आहे हे. याच्यापुढे ती बिचारी काय करणार?"